पाटी कुणाची, मजकूर कुणाचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या हिवाळ्यात माझी भाची मैत्रिणींबरोबर हंपीला निघाली होती. माझ्याकडे हंपीवरचं एक जुनं, पानं सुटत आलेलं पुस्तक होतं. ते मी मोठ्या हौसेनं कपाटातून काढून दिलं. तिनं ते चाळलं आणि अदबीनं परत केलं. ''मामू, यातली निम्मी हॉटेलं आता नसतील,'' असं म्हणून तिनं मोबाईलवर 'विकिव्हॉयेज'चं पान उघडून दाखवलं. होस्पेटहून जायचं कसं, राहायचं कुठं, खायचं काय, सगळं तिथं होतं. मी विचारलं, ''हे लिहिलं कुणी?'' ती म्हणाली, ''लोकांनी.'' ''आणि ही साइट कुणाची?'' यावर मात्र ती थांबली. ''लोकांचीच असेल ना!''

या 'असेल ना'बद्दल मला आज बोलायचं आहे. कारण ज्या साइटबद्दल आम्ही बोलत होतो, तिच्यामागे याच प्रश्नावरून झालेलं एक मोठं भांडण आहे. ते कोर्टापर्यंत गेलं होतं.

पण आधी 'विकी' म्हणजे काय ते सांगतो. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातले वॉर्ड कनिंगहॅम नावाचे प्रोग्रॅमर. २५ मार्च १९९५ रोजी त्यांनी इंटरनेटवर असं एक पान ठेवलं, की जे वाचणाऱ्याला तिथल्या तिथे बदलता येईल. होनोलुलूच्या विमानतळावर त्यांनी 'विकी विकी' नावाची बस पाहिली होती. हवाई बेटांच्या भाषेत विकी म्हणजे लवकर. आपण नाही का 'पटपट', 'भराभर' म्हणत, तसं ते 'विकी विकी'. ते नाव त्यांनी उचललं. विकीच्या प्रत्येक पानावर दोन गोष्टी असतात. एक 'संपादन', म्हणजे बदल करण्याची सोय. दुसरी 'इतिहास'. कुणी, कधी, कोणता शब्द घातला किंवा काढला, याची सारी नोंद त्यात राहते. कुणी खोडसाळपणा केला, तर जुनं पान एका क्षणात परत आणता येतं. मला यातला 'इतिहास' जास्त आवडतो. आम्ही कवी मंडळी खोडाखोड लपवतो. इथं ती चव्हाट्यावर असते.

विकिपीडियाची गोष्ट आपल्याला साधारण ठाऊक असते, पण तिचा आरंभ एका कंपनीतून झाला हे पुष्कळांना माहीत नसतं. जिमी वेल्स यांची 'बोमिस' नावाची कंपनी होती. तिनं २००० साली 'न्यूपीडिया' नावाचा ज्ञानकोश काढला. लॅरी सँगर त्याचे मुख्य संपादक. तज्ज्ञांनी लिहायचं आणि सात पायऱ्यांची तपासणी करायची, असा बंदोबस्त. परिणाम असा, की २००३ साली तो बंद पडेपर्यंत जेमतेम पंचवीसेक लेख पुरे झाले. त्याच्या अंगणात, १५ जानेवारी २००१ रोजी, सहज म्हणून विकिपीडियाचं रोपटं लावलं आणि तेच वाढलं.

पुढच्याच वर्षी पहिली ठिणगी पडली. फेब्रुवारी २००२ मध्ये सँगर यांनी, बोमिस कंपनी पुढंमागं विकिपीडियावर जाहिराती घेईल, अशी शक्यता बोलून दाखवली. स्पॅनिश भाषेत लिहिणारे स्वयंसेवक बिथरले. आम्ही फुकट लिहायचं, आणि जाहिरातीचे पैसे कंपनीनं घ्यायचे? त्यांनी तोवर लिहिलेला मजकूर उचलला आणि सेव्हिलच्या विद्यापीठाच्या आश्रयानं वेगळा स्पॅनिश कोश मांडला. त्यानंतर विकिपीडियाचा पत्ता 'डॉट कॉम'चा 'डॉट ऑर्ग' झाला आणि जून २००३ मध्ये 'विकिमीडिया फाउंडेशन' ही ना-नफा संस्था स्थापन झाली. एवढ्या मोठ्या ज्ञानकोशावर आज जाहिरात दिसत नाही, त्याचं थोडं श्रेय त्या रुसून गेलेल्या स्पॅनिश मंडळींना द्यावं, असं मला वाटतं.

त्यांनी मजकूर उचलला म्हणजे चोरला का? मुळीच नाही. खरी गंमत इथंच आहे. अशा विकींवरचा मजकूर एका खुल्या परवान्याखाली असतो. कुणीही तो घ्यावा, बदलावा, छापून विकावा सुद्धा. अटी दोनच. ज्यांनी लिहिलं त्यांचं श्रेय द्यायचं, आणि आपण जे नवं कराल तेही याच अटींवर दुसऱ्याला द्यायचं. म्हणजे लिहिणाऱ्यांना घर आवडेनासं झालं, तर सगळं सामान घेऊन बाहेर पडता येतं. इंग्रजीत याला जो शब्द आहे, त्याला आपला 'फाटा' चपखल बसतो. एका रस्त्याला फाटा फुटला, की दोन्ही रस्त्यांचा मागचा भाग एकच असतो.

हे वाचलं तेव्हा मला आमचं अनियतकालिक आठवलं. नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावी आम्ही पाच-सहा जणांनी ते काढलं होतं. ट्रेडल मशीनवर छापायचो, घड्या घरी घालायचो, पोस्टाची तिकिटं अम्मी चिकटवायची. नावाची नोंदणी करताना जो मित्र मोकळा होता त्याच्या नावावर केली. चार वर्षांनी बिनसलं. नाव त्याच्याकडे राहिलं, कारण कागद त्याचा. वर्गणीदारांची वही त्याच्याकडे, कारण ती त्याच्या कपाटात. आमच्या हातात राहिल्या फक्त कविता. त्या आमच्याच होत्या म्हणून. आम्ही दुसऱ्या नावानं दुसरं काढलं, आणि पहिले सहा महिने कुणाला पत्ता नव्हता, की हे तेच लोक आहेत. मित्रावर आज माझा राग नाही. पण पाटी एकाची आणि मजकूर दुसऱ्याचा असला की काय होतं, ते मला तेव्हा कळलं.

'विकिट्रॅव्हल'चं नेमकं असंच झालं. जुलै २००३ मध्ये इव्हान प्रोड्रोमू आणि मिशेल ॲन जेन्किन्स या दोघांनी ही साइट सुरू केली. प्रवासाची छापील पुस्तकं बाजारात येईपर्यंत शिळी होतात. तेव्हा जो नुकता जाऊन आला त्यानंच लिहावं, अशी साधी कल्पना. लोक लिहू लागले. एप्रिल २००६ मध्ये ही साइट कॅलिफोर्नियातल्या 'इंटरनेट ब्रँड्स' या कंपनीनं विकत घेतली. आता विकत घेतलं म्हणजे काय घेतलं, बघा. मजकूर विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता, तो परवान्यानं सर्वांना खुलाच होता. कंपनीनं घेतलं ते नाव, पत्ता आणि यंत्रणा. आणि मनातल्या मनात, लिहिणारी माणसंही.

जर्मन भाषेत लिहिणाऱ्या मंडळींनी हे ओळखलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती मजकूर घेऊन बाहेर पडली. जर्मनीत रीतसर संस्था नोंदवून तिच्या नावावर त्यांनी 'विकिव्हॉयेज' उभं केलं. वर्षभरानं इटालियन मंडळी त्यांना मिळाली. इंग्रजीवाले राहिले. तेच संख्येनं मोठे, आणि मोठं कुटुंब लवकर हलत नाही. पण २०१२ पर्यंत त्यांचाही धीर सुटला. सॉफ्टवेअर जुनं झालेलं, ते सुधारा म्हटलं तर कुणी ऐकत नाही, जाहिराती मात्र वाढताहेत. त्यांनी विकिमीडिया फाउंडेशनकडे आसरा मागितला. यावर महिनोन्महिने जाहीर चर्चा झाली. आपण सगळे मिळून तिकडं जायचं असं ठरलं, आणि ऑगस्टअखेरीस कंपनीनं दोन स्वयंसेवकांवर कॅलिफोर्नियात दावा लावला. आमच्या नावाचा गैरवापर केला, अनुचित स्पर्धा केली, असं कंपनीचं म्हणणं. त्या दोघांतले एक कॅनडातले डॉक्टर. रुग्णालयातलं काम संपवून रिकाम्या वेळात लिहिणारा माणूस. त्याच्यावर कंपनीचा दावा!

फाउंडेशन त्यांच्या पाठीशी उभं राहिलं आणि त्यानंही उलट दावा केला. शेवटी फेब्रुवारी २०१३ मध्ये तडजोड होऊन प्रकरण मिटलं. त्याआधीच १५ जानेवारीला, विकिपीडियाच्या बाराव्या वाढदिवशी, विकिव्हॉयेज फाउंडेशनच्या छपराखाली रीतसर सुरू झालं होतं. विकिट्रॅव्हल हे नाव कंपनीकडेच राहिलं. मजकुराची एक प्रतही राहिली, कारण परवाना दोन्ही बाजूंना सारखाच. निघून गेली ती रोज पानं झाडूनपुसून ठेवणारी माणसं.

दुसरी एक गोष्ट तर नाटकात शोभेल अशी आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नावाचा संगणकावरचा खेळ आहे. मी तो कधी खेळलेलो नाही, पण त्याच्या चाहत्यांनी त्यावर एक विकी लिहिला, ज्ञानकोशाएवढा. तो 'विकिया' या कंपनीच्या जागेत होता. ही कंपनी जिमी वेल्स यांनीच अँजेला बीस्ली यांच्यासह २००४ साली काढलेली, जाहिरातींवर चालणारी. म्हणजे एकाच माणसाचा एक हात ना-नफा संस्थेत आणि दुसरा व्यवसायात. हे मी टीका म्हणून सांगत नाही, पण नोंद घ्यावी. २०१० मध्ये विकियानं पानांची रचना बदलली. ती अनेक चाहत्यांना रुचली नाही. ते मजकूर घेऊन दुसऱ्या कंपनीच्या जागेत गेले. आठ वर्षं बरी गेली. मग २०१८ च्या डिसेंबरात ती दुसरी जागाच पहिल्या कंपनीनं विकत घेतली! तोवर तिचं नाव 'फँडम' झालं होतं आणि एका गुंतवणूक कंपनीनं तिला विकत घेतलं होतं. ज्या घरमालकाला कंटाळून बिऱ्हाड हलवलं, तोच नव्या वाड्याचा मालक. २०२३ मध्ये त्यांनी पुन्हा बिऱ्हाड हलवलं. त्याच वर्षी 'माइनक्राफ्ट' या खेळाचा विकीही फँडममधून बाहेर पडला. त्यावर शाळकरी मुलांचा जीव असतो, हे घरात मुलं असणाऱ्यांना सांगायला नको.

पण जाणं सोपं नसतं. सोडलेलं पान जुन्या पत्त्यावर तसंच राहतं. शोधयंत्राला त्या पत्त्याची सवय झालेली असते. वाचणारा तिथंच जातो आणि शिळी माहिती वाचून येतो. आमच्या अनियतकालिकाचे सहा महिने मला इथं पुन्हा आठवतात.

आता कंपन्या सगळ्या वाईट, असं मी म्हणत नाही. कुणीतरी विजेचं बिल भरावंच लागतं. आपल्याकडे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे तेवीस खंड काढले, ते लिमिटेड कंपनी स्थापून, तिचे भाग लोकांना विकून. कंपनी नसती तर खंड निघाले नसते. आणि ना-नफा संस्था झाली म्हणून भांडण संपतं असंही नाही. जून २०१९ मध्ये विकिमीडिया फाउंडेशननं इंग्रजी विकिपीडियाच्या एका जुन्या प्रशासकावर वर्षभराची बंदी घातली. ती कशासाठी, ते मोकळेपणानं सांगितलं नाही. अनेक प्रशासकांनी राजीनामे दिले. संस्थेला नमतं घ्यावं लागलं, प्रकरण स्वयंसेवकांनी निवडलेल्या समितीकडे गेलं आणि सप्टेंबरमध्ये समितीनं ती बंदी उठवली. ज्यांना पगार नाही त्यांना हुकूम देता येत नाही. त्यांची एकच ताकद, उद्यापासून लिहीत नाही म्हणण्याची, आणि लिहिलेलं घेऊन जाण्याची.

कवी म्हणून मला या परवान्याची सुरुवातीला धास्ती वाटली होती, हे कबूल करतो. माझी एक कविता लग्नाच्या निवेदनात, माझ्या नावाशिवाय, मी पंगतीत बसलेलो असताना ऐकली आहे. तेव्हा 'कुणीही घ्या' म्हटलं की पोटात कळ येते. पण इथं नाव पुसायचं नाही, ही अट आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी सुरू झाला. त्याच्या अगदी आरंभीच्या लेखांत बालकवींच्या 'औदुंबर' या कवितेवरचा लेख होता. कुणा अनामिकाला ज्ञानकोशाच्या पहिल्या विटांमध्ये एक कविता ठेवावीशी वाटली! आता तर प्रश्नांना उत्तरं देणारी यंत्रंसुद्धा विकिपीडियावरचा मजकूर वाचून तयार होतात. यंत्र उत्तर देतं तेव्हा लिहिणाऱ्याचं नाव सांगतंच असं नाही. पुढचं भांडण इथं होणार, असं मला दिसतं.

भाची हंपीहून परत आली. आल्या आल्या मोबाईल घेऊन माझ्याजवळ बसली. पानावर दिलेली एक खाणावळ बंद झाली होती. तिनं 'संपादन' दाबून ती ओळ काढली आणि कारण लिहिलं. मी म्हटलं, आता 'इतिहास' उघड. सगळ्यात वर तिची ओळ, तारखेसह, वेळेसह. आम्ही खाली खाली जात राहिलो. जुन्या काळच्या काही नावांआधी कंसात दोन-चार इंग्रजी अक्षरं होती. हे काय, तिनं विचारलं. ती विकिट्रॅव्हलची खूण. भांडणाच्या आधी तिकडे लिहून गेलेले लोक, मजकुराबरोबर आलेले. ''म्हणजे माहेरचं नाव,'' ती म्हणाली, आणि खालून वर एकेक नाव वाचत पुन्हा स्वतःच्या ओळीपाशी आली.