दुखापतीनंतरचा व्यायाम : मात्रा आणि क्रम

(विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



फिजिओथेरपी म्हटले की अर्धांगवायू झालेला वृद्ध किंवा प्लॅस्टर काढलेला हात आपल्या डोळ्यांपुढे येतो. परंतु आज या विषयाची सर्वांत जास्त गरज समोर बसलेल्या धडधाकट तरुणांनाच आहे, असे आम्हाला वाटते.

कारण उघड आहे. आपला बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. हातातला कोयता सुटावा म्हणून आपली मुले-मुली पहाटे उठून रस्त्याच्या कडेने धावतात. जिल्हा पोलीस शिपायाच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. त्यांपैकी २० गुण लांब धावण्याचे, मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर. म्हणजे आपल्याकडे पायाची दुखापत ही केवळ खेळाची गोष्ट राहत नाही. एका घोट्यापायी भरती हुकते, वर्ष जाते आणि वयाची अट जवळ येते.

अशा वेळी मुले काय करतात? काही जण वेदनाशामक गोळी घेऊन तसेच धावतात, दुखणे अंगावर काढतात. काही जण महिनाभर अंथरूण धरतात आणि दुखायचे थांबले की पहिल्याच दिवशी पूर्ण १६०० मीटर मारतात. दोन्ही मार्गांचा शेवट बहुधा एकच, दुखणे परत येते. व्यायाम हे औषध आहे, असे आम्ही मानतो. औषधाला मात्रा असते आणि क्रम असतो. मात्रा चुकली की तेच औषध बाधते.

यामागचे कारण समजून घेऊ. धावायला लागल्यावर दम काही आठवड्यांतच वाढतो. स्नायूही लवकर तयार होतात. परंतु स्नायू हाडाला बांधणारे स्नायुबंध आणि खुद्द हाडे यांना बळकट व्हायला महिने लागतात. मुलाला वाटते, आता छातीत दम आहे, अंतर दुप्पट करू. छाती तयार असते, नडगी तयार नसते. मग नडगीच्या आतल्या कडेला ठणका सुरू होतो. तेव्हाही ऐकले नाही तर हाडाला बारीक चीर जाऊ शकते.

आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घ्या. आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे. शेतकरी घरात जन्म, शाळेसाठी रोज सहा किलोमीटरची वाट. बारावीनंतर ते सैन्यात गेले, ५ महार बटालियनमध्ये. सियाचीनच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळवंटात त्यांनी नोकरी केली. पुढे त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेस ही शर्यत निवडली. तिच्यात २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर असते, आणि पाय लागला तरी तो आडवा पडत नाही. प्रत्येक उडीनंतर साऱ्या शरीराचा भार एका पायावर येतो.

घोट्याच्या दुखापतीमुळे २०१८ ची आशियाई क्रीडा स्पर्धा त्यांना हुकली. त्याच वर्षी भुवनेश्वर येथे ८ मिनिटे २९.८० सेकंदांत धावून त्यांनी गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले, सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे आशियाई सुवर्ण जिंकले. २०२४ मध्ये पॅरिस येथील डायमंड लीगमध्ये त्यांची वेळ होती ८ मिनिटे ०९.९१ सेकंद. मित्रहो, हिशेब करा. सहा वर्षांत सुमारे वीस सेकंद! जगातील उत्तम धावपटूंपैकी एकाला वीस सेकंदांसाठी सहा वर्षे लागली. आपण मात्र भरतीच्या आधी एका महिन्यात तीस सेकंद कमी करू पाहतो.

जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या उडीवर साबळे पडले. गुडघ्यातील अस्थिबंधाला इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या वर्षीची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. अशा शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरू नये, आणि दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के व्हावी, असे आज तज्ज्ञ सांगतात. शस्त्रक्रिया तासा-दोन तासांत होते, परंतु पाय घडवायला पुढचे महिने रोजचा व्यायाम लागतो.

आता क्रम सांगतो. घोटा मुरगळला तर पहिले दोन दिवस गरम तेलाने रगडू नये, शेकू नये. थंड पाण्याची पट्टी ठेवावी, क्रेप बँडेज बांधावे, पाय उशीवर उंच ठेवावा. चार पावलेही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढून घ्यावा. हाड शाबूत असेल तर सूज ओसरू लागताच घोटा हळूहळू हलवावा. मग टाचा उचलण्याचा व्यायाम, आधी दोन्ही पायांवर, नंतर एका पायावर. मग एका पायावर तीस सेकंद तोल सांभाळणे. मुरगळलेल्या घोट्याचा तोल बिघडलेला असतो आणि तो शिकवल्याशिवाय परत येत नाही. म्हणूनच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. दुखऱ्या पायावर वीस-पंचवीस वेळा टाच उचलता आली, आणि ती दुसऱ्या पायाइतकीच सहज, की धावणे सुरू करावे. तेही एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, असे.

पुढची पायरी कधी चढावी? दुसऱ्या दिवशीची सकाळ हीच परीक्षा. व्यायामात थोडे दुखले पण सकाळी पाय पूर्ववत असेल तर पुढे जा. सकाळी दुखणे किंवा सूज वाढली असेल तर एक पायरी खाली या.

याला महागडी यंत्रे लागतात असे नाही. १९९८ मध्ये स्वीडनचे अस्थिशल्यविशारद हाकान आल्फ्रेडसन यांनी टाचेमागच्या शिरेच्या जुनाट दुखण्याने त्रस्त अशा १५ धावपटूंना एक साधा व्यायाम दिला. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाच हळूहळू खाली सोडायची. रोज दोन वेळा, बारा आठवडे. ते सर्व पुन्हा धावू लागले. पायरी तर आपल्या प्रत्येक शाळेला आहे.

आपल्या तालमीतील वस्तादांना ही रीत ठाऊकच होती. नव्या पोराला ते पहिल्या दिवशी मोठ्या पैलवानाशी भिडवत नसत. आधी जोर-बैठका, मग पकडी, मग कुस्ती.

उपासक-उपासिकांना सोण कोळिविस भिक्खूंची महावग्गातील कथा माहीत आहे. चंक्रमण करता करता त्यांचे कोवळे तळपाय फुटून रक्त आले आणि ते निराश झाले. तेव्हा भगवंतांनी त्यांना वीणेच्या तारांची आठवण दिली. तार फार ताणली तरी सूर नाही, फार सैल सोडली तरी नाही. त्यानंतर भिक्खूंना एकपदरी पादत्राणे वापरण्याची अनुज्ञाही मिळाली. श्रम सोडा असे भगवंतांनी सांगितले नाही, श्रमाचे माप सांगितले.

काही लक्षणे मात्र अंगावर काढू नयेत. हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी दुखणे, रात्री ठणका लागणे, गुडघा अडकणे किंवा निसटणे. मुलींची पाळी थांबणे हेही श्रमाच्या मानाने आहार कमी पडत असल्याचे लक्षण असू शकते, त्यात हाडे कमजोर होतात. संकोच न करता डॉक्टरांना सांगावे. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे शासकीय रुग्णालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे.

संस्थेला आमची एवढीच विनंती आहे. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांसाठी अभ्यासिकेइतकेच एक मऊ मातीचे मैदानही असावे. आठवड्यात तीन दिवस धावणे, दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि बाकी विश्रांती, असा तक्ता तिथे लावावा. कोण लंगडतो यावर मोठ्या मुलांनी लक्ष ठेवावे. आणि लंगडणाऱ्याला कोणी हसू नये, त्याला धावण्याऐवजी त्या दिवसाचा व्यायाम द्यावा.