एका नावाची माणसं



ढाणकीहून उमरखेड गाठून पुसदचा रस्ता धरला, की वाटेत पोफाळी लागते. तिथे वसंत सहकारी साखर कारखाना आहे. पुढे पुसदला वसंतराव नाईकांचं नाव ठिकठिकाणी दिसतं. यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्यांच्याच नावाचं, परभणीचं कृषी विद्यापीठही त्यांच्याच नावाचं. पुण्याजवळ मांजरीला ऊस आणि साखर यांवर संशोधन करणारी मोठी संस्था आहे, तिच्या फाटकावरही वसंतच आहे. पण तो वसंत निराळा. ते सांगलीचे वसंतदादा पाटील. दोघेही महाराष्ट्राचे मुख्यमंत्री, दोघेही शेतकऱ्यांचे पुढारी, दोघांच्या वयात जेमतेम चार वर्षांचं अंतर. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या कितीतरी मुलामुलींची इथे गल्लत होते. रोजगार हमी कोणत्या वसंताची आणि विनाअनुदानित महाविद्यालयं कोणत्या वसंताची, हे ऐनवेळी आठवत नाही.

आजचं बोलणं या गल्लतीबद्दल आहे. चौकाला, कारखान्याला, विद्यापीठाला एखाद्याचं नाव दिलं, की तो माणूस सगळ्यांच्या तोंडी बसतो आणि त्याच्याविषयी कुणी काही विचारेनासं होतं. एकाच नावाची दोन माणसं शेजारी ठेवली, की विचारावंच लागतं. कोणाचा मुलगा? कोणत्या गावचा? कोणत्या साली काय केलं? इतिहासाचा अभ्यास इथूनच सुरू होतो, आणि त्याला पुण्यामुंबईचं मोठं दफ्तर लागत नाही.

वसंतराव फुलसिंग नाईक यांचा जन्म १ जुलै १९१३ चा, पुसद तालुक्यातल्या गहुलीचा. म्हणून राज्यात १ जुलै हा कृषिदिन. बंजारा समाजातल्या या मुलाचं मूळ नाव होतं हाजूसिंग. पुढे शाळाकॉलेजात आणि वकिलीत रूढ झालं ते वसंतराव. त्या पिढीत हे नाव किती आवडीचं होतं ते बघा. संगीतकार वसंत देसाई १९१२ चे, मूर्तिजापूरला जन्मलेले गायक वसंतराव देशपांडे १९२० चे, कवी वसंत बापट १९२२ चे, नाटककार वसंत सबनीस १९२३ चे, पुढे वर्ध्याचे खासदार झालेले वसंत साठे १९२५ चे. तांड्यातलं नाव मागे ठेवून एक मुलगा या सगळ्यांच्या रांगेत आला, ही त्या काळातली सामाजिक घडामोडच आहे. नावं बदलण्याचाही इतिहास असतो आणि तो फार थोड्यांनी लिहिला आहे.

नाईक नागपूरला मॉरिस कॉलेजात शिकले, वकील झाले, काही काळ अमरावतीला पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली काम केलं आणि मग पुसदला वकिली थाटली. १९४१ साली नागपूरच्या वत्सला घाटे यांच्याशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला. त्या काळी अशा लग्नाला दोन्हीकडून किती विरोध झाला असेल, हे इथल्या पालकांना वेगळं सांगायला नको. पुसदच्या नगराध्यक्षपदापासून सुरू झालेली वाट ५ डिसेंबर १९६३ ला मुख्यमंत्रिपदापर्यंत पोचली आणि फेब्रुवारी १९७५ पर्यंत तिथेच राहिली. सलग अकरा वर्षांहून जास्त. राज्यात धान्याचा तुटवडा असताना १९६५ साली त्यांनी पुण्यात जाहीर सांगितलं, की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला शनिवारवाड्यावर फाशी द्या. संकरित ज्वारीचं बियाणं गावोगाव पोचलं ते याच काळात. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चारही कृषी विद्यापीठं १९६८ ते १९७२ या चार वर्षांत उभी राहिली. कापूस एकाधिकार खरेदीही त्यांच्याच कारकिर्दीतली. तिचे गुणदोष यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्याइतके कुणालाच ठाऊक नाहीत.

आता दुसरे वसंत. वसंतराव बंडूजी पाटील यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ चा. सांगलीजवळचं पद्माळे हे त्यांचं गाव. आईवडील प्लेगात गेले आणि आजीनं सांभाळलं. कॉलेजचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. बेचाळीसच्या चळवळीत ते भूमिगत झाले, पकडले गेले आणि सांगलीच्या तुरुंगात पडले. हा तुरुंग किल्ल्यात, भोवती खंदक. २४ जुलै १९४३ ला भरदिवसा दादा आणि त्यांच्या साथीदारांनी पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावल्या आणि तटावरून खंदकात उड्या टाकल्या. मागे पोलीस लागले. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गोळीला बळी पडले. दादांच्या खांद्यात गोळी घुसली आणि ते पुन्हा पकडले गेले. हीच व्यक्ती पुढे सांगलीत शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा करते, प्रदेश काँग्रेसची सूत्रं सांभाळते, १९७७ मध्ये मुख्यमंत्री होते आणि १९८३ मध्ये पुन्हा होते.

एक वकील, तर दुसरा तुरुंगातून उडी मारणारा. एकाचं घडणं जुन्या मध्य प्रांतातलं, दुसऱ्याचं मुंबई इलाख्यालगतच्या संस्थानातलं. एकाच्या शिवारात कापूस आणि ज्वारी, दुसऱ्याच्या शिवारात ऊस. एवढं वेगळेपण नजरेत भरलं, की पुढची गोष्ट जास्त रंजक होते, कारण हे दोघे भेटतातही. १९७२ मध्ये वसंतदादा पाटबंधारे मंत्री झाले ते वसंतराव नाईकांच्याच मंत्रिमंडळात. रोजगार हमीची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. तिचा पहिला प्रयोग १९६९ मध्ये झाला तासगाव तालुक्यात, म्हणजे दादांच्या सांगली जिल्ह्यात, आणि तेव्हा मुख्यमंत्री नाईक. बहात्तरच्या दुष्काळात योजना राज्यभर पसरली. तिचा कायदा १९७७ चा, आणि त्या वर्षी मुख्यमंत्री झाले होते वसंतदादा. अंमल सुरू झाला १९७९ मध्ये, तेव्हा तर दोघांपैकी कुणीच खुर्चीवर नव्हतं. मग रोजगार हमी कोणत्या वसंताची? प्रश्नपत्रिकेत चार पर्यायांतून एकावर खूण करावी लागते. पदवी मिळाल्यावर मात्र पागे, तासगावचे मजूर, दोन्ही वसंत आणि त्यांच्यानंतरचं सरकार, एवढ्यांचा हिशेब मांडता आला पाहिजे.

ढाणकीच्या पदवीधरांना आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी. तुमच्या पदवीच्या कागदावर ज्या विद्यापीठाचा शिक्का आहे, ते अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ ला सुरू झालं. संत गाडगेबाबांचं नाव त्याला पुढे मिळालं. १९८३ च्या मे महिन्यात मुख्यमंत्री कोण होते? वसंतदादा पाटील. वसंत म्हटलं की आपल्याला गहुलीच आठवते, ते स्वाभाविक आहे. पण अकोल्याचं कृषी विद्यापीठ सोडलं, तर वऱ्हाडाला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते सांगलीच्या वसंताच्या कारकिर्दीत. त्याच वर्षी त्यांनी विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याआधी ऐपत असलेल्या घरांतली मुलं त्यासाठी कर्नाटकात जात. या निर्णयानं खेड्यापाड्यांतल्या मुलांना जवळ कॉलेजं मिळाली आणि फीचा आकडा शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरही गेला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जयंतीच्या भाषणात पहिली सांगतात आणि आंदोलनात दुसरी. अभ्यासकाच्या वहीत दोन्हींना जागा हवी.

असा अभ्यास राजकारणापुरता नाही. ‘गोपाळ’ हे नाव घ्या. १८८८ मध्ये गोपाळ गणेश आगरकरांनी ‘सुधारक’ हे पत्र काढलं. शाळकरी वयात हे आगरकर अकोल्यात शिकलेले. मराठी मजकूर ते लिहीत आणि इंग्रजी बाजू सांभाळत गोपाळ कृष्ण गोखले. सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर त्याच वर्षी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका प्रसिद्ध करून अस्पृश्यतेच्या मुळावर प्रश्न उभे करत होते. एका वर्षात तीन गोपाळ, तिघेही समाज बदलू पाहणारे. पहिल्या दोघांचे धडे पाठ्यपुस्तकांत आले. तिसऱ्याचं नाव कितीजणांच्या कानावर आलं आहे, ते आजच्या या सभेतच विचारून बघा.

बायकांच्या बाबतीत गल्लत आणखी वाढते, कारण आडनाव गळतं आणि नुसतं ‘बाई’ उरतं. रमाबाई म्हटलं तर कोणत्या? पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आणि संस्कृत त्या घरातच शिकल्या. दुष्काळात आईवडील गेले, तेव्हा भावाबरोबर देशभर पायी फिरत त्या कलकत्त्याला पोचल्या आणि तिथल्या पंडितांनी त्यांच्या विद्वत्तेचा गौरव केला. १८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज सुरू केला. त्यांच्या सभांना येऊन बसणाऱ्या बायकांत एक होत्या न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई, पंडिता रमाबाईंहून चार वर्षांनी लहान. माहेरच्या त्या यमुना कुर्लेकर. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं शिकल्या आणि शिकल्या म्हणून घरातल्या बायकांची बोलणी खाल्ली. एकीनं पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि केडगावला मुक्तीसदन उभारलं. दुसरी हिंदू घरातच राहून १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाची संस्थापक झाली. वाटा वेगळ्या झाल्या, तरी परित्यक्ता आणि विधवा बायकांना हाताला काम आणि डोक्यावर छप्पर मिळावं, ही तळमळ दोघींची.

तिसऱ्या रमाबाई दापोलीजवळच्या वणंदच्या, भीमराव आंबेडकरांच्या पत्नी. त्यांनी संस्था काढली नाही, ग्रंथ लिहिला नाही. नवरा परदेशी शिकत असताना मुंबईच्या चाळीत संसार ओढला, लेकरं गमावली आणि २७ मे १९३५ ला गेल्या. बाबासाहेबांनी १९४० मध्ये प्रसिद्ध झालेला पाकिस्तानविषयीचा ग्रंथ त्यांच्या स्मृतीला अर्पण केला. या तिघींना ‘थोर महिला’ या एका मथळ्याखाली कोंबणं हा तिघींवरही अन्याय आहे. पहिलीचं मोठेपण तिच्या पुस्तकांत सापडतं, दुसरीचं संस्थेत आणि आत्मकथनात. तिसरीचं मोठेपण शोधायचं तर घरखर्च, आजारपणं आणि पत्रव्यवहार वाचावा लागतो. हे काम जास्त कठीण आहे, आणि म्हणूनच ते हुशार विद्यार्थ्यांनी हाती घ्यावं.

आज या व्यासपीठावरून नावं पुकारली जातील तेव्हा एका नावाचे दोघे-तिघे उठतील. मग वडिलांचं नाव, आईचं नाव, गाव सांगावं लागेल आणि योग्य माणूस पुढे येईल. मेलेल्या माणसांशीही आपण एवढं तरी नीट वागावं. चौकातल्या पाटीपाशी थांबून पूर्ण नाव विचारावं. जिल्ह्याचं गॅझेटियर उघडावं. विधिमंडळाच्या कामकाजाचे छापील खंड ग्रंथालयांत आहेत. त्यांत दोन्ही वसंत काय बोलले, त्यांना विरोधकांनी कुठे अडवलं, हे तारीखवार सापडतं. भाषणांच्या संग्रहात जे गाळलं जातं ते तिथे जसंच्या तसं असतं.

पण ढाणकी परिसरातल्या मुलामुलींना ग्रंथालयाआधी करण्याजोगं एक काम आहे. बहात्तरच्या दुष्काळात कामावर खडी फोडलेली, पाझर तलावाची माती वाहिलेली माणसं अजून आपल्या गावांत आहेत. तेव्हा विशीत असलेली आता सत्तरी ओलांडून बसली आहेत. हप्ता किती मिळायचा, मजुरी वेळेवर यायची का, सुकडी कशी लागायची, लाल मिलो ज्वारीची भाकर कशी थापायची, मुकादम बायांशी कसा वागायचा, हे त्यांना तोंडपाठ आहे. वसंतराव नाईकांबद्दल त्यांचं मत काय, तेही विचारावं, आणि ते गोड असेल असं धरून चालू नये. हे सगळं कुठल्याही पाटीवर नाही. सुट्टी लागायच्या आत हातात वही घ्या, मोबाईलवर आवाज टिपायची परवानगी मागा आणि प्रत्येकाचं पूर्ण नाव लिहून घ्या. त्यांतही दोन-चार वसंत निघतील.