नीतीचा निवाडा कोणी करायचा?

ख्रिस्ती लैंगिक नीतीचा फेरविचार म्हटले की पाश्चात्त्य स्वैराचाराला धर्माची मान्यता, एवढाच अर्थ पुष्कळदा घेतला जातो. वस्तुस्थिती अशी की, या फेरविचाराचा एक अत्यंत गंभीर प्रयत्न खुद्द रोममध्ये, पोपच्याच आज्ञेने झाला.

संततिनियमनाच्या प्रश्नासाठी तेविसावे जॉन यांनी १९६३ साली आयोग नेमला. सहावे पॉल यांनी तो वाढवीत ७२ सदस्यांपर्यंत नेला. धर्मशास्त्री व डॉक्टर यांच्या जोडीला त्यात काही विवाहित दांपत्येही होती. शिकागोच्या पॅट व पॅटी क्रौली यांनी निरनिराळ्या देशांतील कॅथलिक जोडप्यांची पत्रे आयोगापुढे ठेवली. संयमाखेरीज चर्चला मान्य असलेला उपाय एकच: ‘सुरक्षित दिवस’ मोजणे. त्या मोजणीने संसारात शिरलेले भय, पतिपत्नींतील तुटकपणा आणि तरीही ओढवलेली बाळंतपणे यांची ती कैफियत होती. (रोममध्ये क्रौली पतिपत्नींची उतरण्याची सोय मात्र पतीची धर्मविद्यालयात आणि पत्नीची मठात, अशी केलेली होती!) १९६६ साली बहुमताने कौल दिला की, कृत्रिम साधने स्वभावतःच पापमय नाहीत. अल्पमताचा युक्तिवाद मोठा बोलका आहे. चर्च इतका काळ चुकले असे मानले, तर १९३० च्या लँबेथ परिषदेत संततिनियमनाला वाट देणारे अँग्लिकन बिशपच खरे ठरतील! पत्रांतील स्त्रियांचा प्रश्न असा अधिकाराच्या प्रतिष्ठेखाली दडपला गेला. २५ जुलै १९६८ च्या ‘ह्युमाने व्हिटे’ या परिपत्रकाने पोपनी बहुमत बाजूस सारले.

परंतु एवढ्यावरून चर्चला झोडपून मोकळे होणे समाजवाद्यांना शोभणार नाही. उद्या राज्यकर्ते हीच साधने जनतेवर लादतील, असा इशाराही त्याच परिपत्रकात होता. आठ वर्षांनी, आणीबाणीत, भारताने तो खरा करून दाखविला. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही, इतकेच. ज्यांच्या देहावर शस्त्रक्रिया व्हायची त्यांना मुंबईत कोणी विचारले नव्हते. रोमने निदान पत्रे मागविली. निर्णय मात्र अविवाहितांच्या हाती ठेवला.

या निर्णयाचा भार कोणावर पडतो, हे फिलिपाईन्समध्ये स्पष्ट दिसले. मनिला शहरात २००० साली महापौरांच्या आदेशाने नगरपालिकेच्या दवाखान्यांतून गर्भनिरोधके नाहीशी झाली. पैसेवाल्यांना औषधाचे दुकान मोकळे होते. झोपडपट्टीतील बाईला दवाखान्याखेरीज दुसरे दार नव्हते. बिशपांच्या विरोधामुळे दहा वर्षांहून अधिक काळ रेंगाळलेला प्रजनन-आरोग्याचा कायदा तेथे २०१२ साली संमत झाला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही कलमे वगळून तो वैध ठरविला. रोमची शिकवण या बाबतीत आजही तीच आहे. कायद्याच्या बाजूने मत देणारे प्रतिनिधीही मात्र बहुतांशी कॅथलिकच होते.