खर्च कुणाच्या खात्यावर?

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजक म्हणाले, 'तू संगणकावर बोल.' पण संगणकाबद्दल तुमची मुलंच तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त सांगतील. म्हणून मी वेगळ्या विषयावर बोलते. चाळिशी ओलांडल्यावर मी पुन्हा विद्यार्थिनी झाले आणि व्यवस्थापकीय अर्थशास्त्र शिकले, त्याबद्दल.

अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली. बैठकीत 'हे करता येईल का?' असं विचारलं की मला उत्तर यायचं. 'हे करावं का?' असा प्रश्न आला की हिशेबाची माणसं बोलायची आणि मी ऐकायची. मला तो दुसरा प्रश्न शिकायचा होता. नोकरी सोडणं शक्य नव्हतं. म्हणून इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, म्हणजे इग्नूत, एमबीएला नाव घातलं. १९८५ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झालेलं हे विद्यापीठ नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच आहे. पुस्तकं टपालाने घरी आली. सुट्टीच्या दिवशी अभ्यासकेंद्रावर मार्गदर्शन असे. स्वाध्याय हाताने लिहून द्यायचे. इतकी वर्षं कीबोर्ड बडवलेला, त्यामुळे पहिल्या स्वाध्यायाला बोटं अक्षरशः भरून आली. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. माझ्या एका बाजूला बँकेतली मुलगी, दुसऱ्या बाजूला सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. पर्यवेक्षकांनी घंटा वाजवली की तिघांच्याही पोटात गोळा, अगदी आपल्या सहामाहीसारखा!

आता विषय. अर्थशास्त्राची हत्यारं धंद्यातल्या रोजच्या निर्णयांसाठी कशी वापरायची, हे सांगणारं जोएल डीन यांचं पुस्तक १९५१ साली आलं आणि या विषयाला आकार मिळाला. मागणीची लवचिकता, सीमांत खर्च, किंमत ठरवणं, हे सगळं त्यात येतं. मिठाचा भाव थोडा वाढला म्हणून आपण आमटी अळणी करत नाही. हॉटेलातल्या थाळीचा भाव वाढला तर मात्र घरी जेवतो. लवचिकता म्हणतात ती एवढीच.

मला सगळ्यात उपयोगी पडल्या त्या दोन कल्पना. पहिली बुडीत खर्चाची. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी १९६२ साली करार करून कॉन्कॉर्ड हे ध्वनीपेक्षा वेगवान विमान बांधायला घेतलं. खर्च अंदाजाच्या कितीतरी पलीकडे गेला, पण इतका पैसा घातलाय तर आता थांबायचं कसं, असं म्हणत काम पुढे रेटलं गेलं. शेवटी प्रवासी सेवेत आली ती अवघी १४ विमानं. विषय सांगतो की गेलेला पैसा दोन्ही वाटांवर गेलेलाच आहे. निर्णय पुढच्या खर्चावर आणि पुढच्या फायद्यावर घ्यावा.

दुसरी कल्पना संधी-खर्चाची. एक गोष्ट निवडली की तिच्यासाठी जी सगळ्यात चांगली दुसरी गोष्ट सोडावी लागते, ती तिची खरी किंमत. या खर्चाची पावती कुणी देत नाही, म्हणून तो दिसत नाही.

हा धडा मला कचेरीच्या आधी घरात लागला. वहिनीची परवानगी घेऊनच सांगते आहे. माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. आई दादाकडे असते. दिवसभर सांभाळायला बाई ठेवायची तर महिन्याला १८ हजार. वहिनी एका शाळेत शिकवते, तिचा पगार १६ हजार. घरात बैठक बसली आणि पाच मिनिटांत निकाल लागला: वहिनीने नोकरी सोडावी, महिन्याचे दोन हजार वाचतील.

त्या आठवड्यात माझा खर्चावरचाच स्वाध्याय चालू होता. मी कागद घेतला. वहिनीची दरवर्षीची पगारवाढ, बारा वर्षांची सेवा, पुढचा भविष्यनिर्वाह निधी, आणि पन्नाशीजवळ पुन्हा नोकरी मिळण्याची शक्यता, हे सगळं एका बाजूला मांडलं. दोन हजारांची बचत कुठल्या कुठे गेली. पण कागदावर एक रकाना रिकामाच राहिला: वहिनीला स्वतःला काय हवंय? तो प्रश्न त्या बैठकीत कुणी विचारलाच नव्हता. बाईचे पैसे हा खर्च, आणि घरातल्या बाईचा दिवस मात्र फुकट, असं आम्ही सगळ्यांनी न बोलता धरलं होतं.

वहिनी म्हणाली, 'मला शाळा सोडायची नाही. संध्याकाळी आईंचं सगळं मी करीन.' मग बाई ठेवली. पैसे दादा आणि मी निम्मे-निम्मे देतो. आईला वहिनीच्याच हातचं जेवायला आवडतं. तेवढी दुपारची उणीव राहिली आहे आणि ती कुठल्याही सूत्रात बसत नाही. या विषयाने उत्तर दिलं असं मी म्हणणार नाही. खर्च कुणाच्या खात्यावर पडतोय हे मात्र त्याने दाखवलं.

मग मी माझ्या शिक्षणाचाही हिशेब केला. फी मी भरली, पण रविवार सासूबाईंनी आणि लेकीने भरले. शिवाय फी परवडली ती विद्यापीठ सरकारी पैशांतून उभं राहिलं म्हणून. म्हणजे मी पाहिलेल्याही नाहीत अशा माणसांनी माझ्या पदवीत वाटा घातला. आपली ही शाळाही अनुदानावरच चालली, हे आपण विसरू नये.

म्हणून शेवटी एकच विनंती. आपल्या तुकडीने शाळेला संगणक द्यायचे ठरवले आहे. जरूर देऊ. पण संगणक घेण्याचा खर्च एकदाच होतो. वीज, दुरुस्ती आणि ती खोली रोज उघडून मुलांजवळ बसणारं माणूस, हा खर्च दरमहा येतो. तो आपण मोजला नाही तर तो कुणातरी बाईंच्या मधल्या सुट्टीवर पडेल. तेव्हा निधीतला एक भाग त्या माणसाच्या मानधनासाठी वेगळा ठेवू या. माझा वाटा मी त्याच खात्यात देणार आहे.