डोंगराचा कायदा आणि गांवकऱ्यांचा शब्द
(ग्रामसभेच्या आदल्या सायंकाळीं चावडीवर एका शिक्षकानें केलेलें भाषण)



मी शाळामास्तर, कायदेपंडित नव्हे. पण परवां एस. टी. मध्यें एक गृहस्थ छातीठोकपणें सांगत होते कीं, सह्याद्रीचा तो कायदा आला म्हणजे कुणब्यास गोठा बांधतां येणार नाहीं, सुताराचा रंधा बंद पडेल, आणि गांवेंच्या गांवें उठवतील. शेजारची म्हातारी रडकुंडीस आली. म्हणून मीं सरकारी मसुदा मिळवून दोन रात्री वाचला. त्यांत जें आहे तें सांगतों.

पर्यावरण संरक्षणाचा कायदा १९८६ सालचा, दिल्लीचा. त्याच्या आधारें पश्चिम घाटांतील सहा राज्यांचा ५६,८२५ चौरस किलोमीटर मुलूख 'संवेदनशील' ठरवावयाचा. पैकीं १७,३४० महाराष्ट्राचा. तेथें बंद काय? खाणी, दगडखाणी, वाळूउपसा. कोळशावरचीं नवीं वीजकेंद्रें. अति घाण करणारे 'लाल' वर्गाचे नवे कारखाने. वीस हजार चौरस मीटर व त्यावरचीं नवीं बांधकामें. चालू खाणींनींही अंतिम हुकुमापासून पांच वर्षांत गाशा गुंडाळावयाचा. शेती बंद नाहीं. जमिनीची मालकी जात नाहीं. वीस हजार चौरस मीटर म्हणजे जवळजवळ पांच एकर! एवढा गोठा आपल्यापैकीं कोणाचा असेल त्यानें हात वर करावा. (हशा.)

मग ओरड कोणाची, हें तुम्हींच ओळखा.

आतां मुख्य गोष्ट. नियम दिल्लीचा असला तरी कोणतीं गांवें यादींत ठेवावीं, कोणतीं गाळावीं, याबाबत राज्यांचें म्हणणें ऐकलें जातें. केरळानें गांवोगांव पाहणी करून १३,१०८ चौरस किलोमीटरचे ९,९९३ केले. कर्नाटकाच्या मंत्रिमंडळानें सप्टेंबर २०२४ मध्यें अहवालच नाकारला. आपल्या राज्यानेंही कांहीं गांवें वगळण्याची मागणी केली. अशा ओढाताणींत २०१४ पासून मसुदा सहा वेळां निघाला.

राज्यांना मोकळीक नको, असें मी म्हणत नाहीं. उपग्रहाच्या चित्रावर कोंकणचा सडा, घाटावरची नाचणीची वरकस आणि राखीव रान यांतला भेद दिल्लीस काय दिसणार? पण ही मोकळीक मुंबईस येऊन थांबते, चावडीपर्यंत उतरत नाहीं, ही माझी तक्रार आहे.

माधव गाडगीळ समितीनें ऑगस्ट २०११ मध्यें सांगितलें होतें कीं, अखेरचा निर्णय ग्रामसभांना विचारून करा. तो अहवाल सरकारनें दाबून ठेवला. प्रकरण माहिती आयोगापासून दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत गेलें, तेव्हां मे २०१२ मध्यें तो लोकांपुढें आला. आणि आला तो इंग्रजींत! ज्याच्या बांधाविषयीं लिहिलें त्यालाच वाचतां येऊं नये, ही पद्धत नवी नाहीं. पुढें कस्तुरीरंगन समिती आली, तिनें २०१३ मध्यें क्षेत्र पुष्कळ कमी केलें.

सिंधुदुर्गांत तर उलट प्रकार झाला. तेथल्या पंचवीस गांवांच्या ग्रामसभांनीं स्वतः ठराव केले कीं, आमचीं गांवें संवेदनशील धरा. लोक मागतात, तरी मिळालें नाहीं! सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यासाठीं शेवटीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत जावें लागलें, आणि मार्च २०२४ मध्यें न्यायालयानें तेथील पंचवीस गांवांबद्दल केंद्रास आदेश दिला. खाणवाल्याच्या अर्जाला राज्याची लवचीकता लगेच सांपडते, आणि ग्रामसभेच्या ठरावाला नियम आडवा येतो, हें कसें?

३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण डोंगराखालीं गेलें. दीडशेंहून अधिक माणसें गेलीं. बरोबर दहा वर्षांनीं, त्याच तारखेस, केरळांत वायनाडचा डोंगर सुटला. सहावा मसुदा दुसऱ्या दिवशीं, ३१ जुलै २०२४ रोजीं निघाला. प्रत्येक दरडीचें कारण खाणच असतें असें नव्हे. पाऊस, उतार, माती हींही असतात. पण सुरुंग उडाला कीं आमच्या शाळेची पाटी भिंतीवर हलते, तें मीं पाहिलें आहे. मुलें आतां मोजतात: आज तीन, काल चार.

उद्यां ग्रामसभा आहे. आपल्या तालुक्याची मसुद्यांतली यादी मीं फळ्यावर उतरून ठेवली आहे. आपलें नांव त्यांत आहे कीं नाहीं तें पाहा. कोणाचा झरा आटला, कोणाच्या घरास तडा गेला, कोणास खाणीवर मजुरी आहे आणि ती सुटल्यास काय करणार, हेंही बोलावें. तो प्रश्न खोटा नाहीं. ठराव मराठींत लिहूं, सर्वांसमोर वाचूं, आणि एक प्रत तहसीलदारांकडे, एक मुंबईस, एक दिल्लीस पाठवूं. बायांनींही यावें, पाण्याची खरी खबर त्यांनाच असते. येतांना सात-बाऱ्याचे उतारे आणा.