केर घरचा, दायित्व नगराचे



मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर बाळापूर वसले आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या बाळादेवीवरून गावाला नाव मिळाले, असे सांगतात. पावसाळ्यात पूर आला की किल्ल्याला जवळजवळ चोहोबाजूंनी पाणी वेढते. मन नदीचे पाणी पुढे पूर्णेत जाते, पूर्णा चांगदेव येथे तापीला मिळते आणि तापी सुरतेपाशी समुद्र गाठते. गल्लीतल्या नालीत टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी पहिल्या मोठ्या पुरात गावाची वेस ओलांडते. टाकणाऱ्याच्या दृष्टीने प्रश्न मिटतो. काठावरच्या पुढच्या गावापाशी तो सुरू होतो.

घरोघरचा केर उचलण्याची व्यवस्था नगराने करावी की ज्याने त्याने आपले पाहावे, हा विषय त्यामुळे केवळ नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकापुरता राहत नाही. ‘आमच्या आजोबांच्या काळी कुठे होती घंटागाडी?’ असे वडीलधारी मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्या काळी वऱ्हाडात परसात नाही तर गावाबाहेर उकिरडा असे. शेण, राख, पालापाचोळा, खरकटे त्यात पडे आणि पेरणीपूर्वी कुजलेले खत बैलगाडीने वावरात जाई. केराला जाण्याचे ठिकाण होते म्हणून ती व्यवस्था टिकली. आज त्याच ढिगात पिशव्या, औषधांची पाकिटे, फुटकी काच, संपलेले सेल येऊन पडतात. वावर ते घेत नाही. गाय मात्र खाते. शिळे अन्न पिशवीत गाठ मारून रस्त्यावर भिरकावणाऱ्या घरातही वसुबारसेला गोपूजन होते, ही विसंगती कुणालाच कशी बोचत नाही?

कायद्याने हा प्रश्न पूर्वीच निकालात काढला आहे. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने रस्त्यांची सफाई व केर हटवणे हे नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले. परंतु त्या जुन्या पद्धतीत नागरिकाने कचराकुंडीपर्यंत जायचे, असे गृहीत होते. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. त्यानंतर २००० मध्ये आलेल्या केंद्रीय नियमांनी कुंडीऐवजी घराचा उंबरठा हे संकलनाचे स्थान मानले. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे वर्गीकरण घरातच करण्याची जबाबदारी नागरिकावर टाकली आणि झोपडपट्टीलाही घरोघर संकलनात सामावून घेतले. नियम उत्तम आहेत. ते राबवायचे कुणी, एवढेच राहते.

येथे कार्यकर्त्यांचे एक आवडते उत्तर असते: श्रमदान. एका रविवारी पन्नास जण झाडू घेऊन निघतात, छायाचित्रे निघतात, वृत्तपत्रांत बातमी येते. शेजारच्याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांचे नावही त्या वेळी घेतले जाते. बाबा दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला खडसावीत. त्यांचा झाडू हे लोकांना जागे करण्याचे साधन होते, गावाच्या सफाईचा मक्ता नव्हे. शाखा वर्षातून एकदा भरत नाही, ती नित्य भरते, हे ज्यांना कळते त्यांना ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज पडू नये. केर रोज निघतो. तो उचलणारी यंत्रणाही रोजचीच हवी.

ज्या तापीला बाळापूरचे पाणी जाऊन मिळते, तिच्या मुखाजवळच्या सुरतेने याची किंमत मोजली आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये तेथे प्लेगची साथ उद्भवली आणि लाखो लोक शहर सोडून गेले. १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त झाले. अधिकाऱ्यांनी रोज सकाळी खुर्ची सोडून प्रभागात उभे राहावे, हा दंडक त्यांनी घातला आणि थोड्याच अवधीत देशातील स्वच्छ शहरांत सुरतेची गणना होऊ लागली. शहर तेच होते, माणसेही तीच.

परंतु गाडी आणि अधिकारी यांवरच सारे थांबत नाही. ढिगात हात घालणारा कोण असतो? पिढ्यान्‌पिढ्या तो ठरावीक वस्तीतूनच येत राहिला. समरसतेवर तासभर व्याख्यान ऐकावे आणि घरी येऊन फुटलेला काचेचा पेला तसाच डब्यात टाकावा, असे घडते तेव्हा ती काच ज्याच्या तळहातात जाते त्याला समरसतेचा खरा अर्थ कळून चुकतो. ओले-सुके वेगळे ठेवणे हा त्या बंधूचा मान आहे. पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली. तिच्यातूनच पुढे २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघर संकलन हाती घेतले. वेचणारेच तिचे मालक. त्या चळवळीची वैचारिक बैठक निराळी आहे, हे खरे. चांगल्याला चांगले म्हणण्यात संकोच कसला?

शुल्काबद्दल कुरकुर होते. नवरात्राची वर्गणी न मागता देणारे हात दरमहाच्या अल्प शुल्कापाशी आखडतात. उलट नगरपरिषदेनेही ठेकेदाराला नुसत्या वजनावर पैसे देऊ नयेत. वजनावर पैसे मिळाले की गाडीत माती आणि दगडही चढतात. किती घरांतून वेगळा केलेला केर आला, यावर देयक ठरावे आणि ते त्या गल्लीतल्या गृहिणींच्या सहीने पडताळले जावे. गाडी वस्ती बघून वळता कामा नये. एका मोहल्ल्यातला ढीग दुसऱ्याच्या डासांचे घर होतो, मग तेथे राहणाऱ्यांची उपासना कोणतीही असो.

ओल्या केराचे खत झाले तर ते घ्यायला बाळापूरभोवती काळी जमीन पडलेली आहे. शेतकरी नेईलही. मात्र त्याच्या बैलाच्या खुरात एकदा का काच गेली, की तो दुसऱ्या खेपेला येणार नाही.