चोरट्या प्रती आणि तोट्याचा हिशेब

(जव्हार व मोखाडा तालुक्यांतील शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या डोंगराळ तालुक्यांतील मुलेमुली आता स्पर्धा परीक्षांकडे वळू लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ साली आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने २०१३ साली आपापल्या पूर्वपरीक्षेत अभिक्षमता चाचणीचा पेपर सुरू केला. त्यात एखादे विधान देऊन त्यामागचे गृहीतक ओळखावयास सांगणारे प्रश्न असतात. हे प्रश्न पाठांतराने सुटत नाहीत. त्यांपैकी एका नमुन्याची फोड आज आपण करू, आणि तीच रीत आपल्या वारली चित्रकलेच्या रक्षणासाठी कशी उपयोगी पडते तेही पाहू.

प्रश्न असा आहे, असे समजा: "एका कंपनीच्या संगणक प्रणालीची किंमत ५,००० रुपये आहे. गेल्या वर्षी तिच्या १,००० चोरट्या प्रती वापरात होत्या. म्हणून कंपनीला ५० लाख रुपयांचा तोटा झाला." हे अनुमान कोणत्या गृहीतकावर उभे आहे?

गुणाकार बिनचूक आहे. परंतु प्रथम आधार कोणता व निष्कर्ष कोणता, हे वेगळे करावे. आधारात 'प्रती' आहेत. निष्कर्षात बुडालेली 'विक्री' आहे. या दोहोंमधील अंतर ज्या न सांगितलेल्या गोष्टीने भरून काढले आहे, तेच गृहीतक. चोरटी प्रत मिळाली नसती, तर प्रत्येक वापरणाऱ्याने पूर्ण किंमत देऊन प्रणाली विकत घेतली असती, हे ते गृहीतक होय. पडताळा पाहण्यासाठी ते उलटे करून पाहावे. हजारांपैकी नऊशे जणांनी ती घेतलीच नसती, असे धरले तर तोटा पाच लाखांवर येतो आणि मूळ निष्कर्ष कोसळतो. उलटे केल्यावर जे अनुमानाला पाडते, तेच खरे गृहीतक.

उत्तराच्या पर्यायांत "चोरी हा गुन्हा आहे" किंवा "प्रणाली तयार करण्यास मोठा खर्च येतो" अशी वाक्येही दिलेली असतात. ती खरी असतात, पण ते अंतर भरून काढीत नाहीत. विद्यार्थी बहुधा येथेच फसतो. खरे विधान आणि लागू पडणारे विधान यांतील भेद त्याच्या मनावर ठसविला पाहिजे.

दुसरी चूक याच्या उलट दिशेची आहे. पन्नास लाख सिद्ध होत नाहीत, म्हणून तोटा शून्य, असे म्हणणेही तितकेच चुकीचे. काहींनी प्रणाली खचित विकत घेतली असती. काहींनी लिनक्स किंवा लिबर ऑफिससारखी मोफत मिळणारी प्रणाली वापरली असती. उरलेल्यांनी त्याविनाच काम चालविले असते. तोटा फक्त पहिल्या गटापुरता मोजावयाचा.

हा केवळ परीक्षेतील खेळ नव्हे. बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात २००८ सालचा जगातील तोटा ५,३०० कोटी डॉलर दाखविला होता. पुढील वर्षीच्या अहवालापासून 'तोटा' या शब्दाच्या जागी 'व्यापारी मूल्य' असा शब्दप्रयोग आला. एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेच्या संसदेसाठी काम करणाऱ्या शासकीय लेखापरीक्षण कार्यालयानेही, बनावट व चोरट्या मालाच्या तोट्याचे वारंवार उद्धृत होणारे काही आकडे मूळ आधारापर्यंत नेता येत नाहीत, असा निर्वाळा दिला. मात्र आकडा फुगलेला असला म्हणून कृत्य निर्दोष ठरत नाही. आपल्या प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ६३ ब नुसार चोरटी संगणक प्रणाली जाणूनबुजून वापरणे हा दंडनीय अपराध आहे. अपराध ठरविणे आणि नुकसान मोजणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळू. लग्नघरच्या भिंतीवर गेरूच्या सारवणावर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याची वारली समाजाची परंपरा आपणांस ठाऊक आहे. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१३-१४ या वर्षात वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. आज त्याच आकृत्या यंत्रावर छापलेल्या कापडावर, कपबश्यांवर, पिशव्यांवर दिसतात. यामुळे आपल्या कलाकारांचे नुकसान होते, ही तक्रार रास्त आहे. परंतु छापील वस्तूंची संख्या आणि हाताने काढलेल्या चित्राची किंमत यांचा गुणाकार करून कोणी कोट्यवधींचा दावा मांडला, तर समोरचा वकील पहिल्याच प्रश्नात तो मोडून काढील. शंभर रुपयांची पिशवी घेणारा पाच हजारांचे चित्र घेणारच होता, हे कोण सिद्ध करणार?

म्हणून तक्रारींची वर्गवारी करावी. केवळ स्वस्त छापील वस्तू म्हणून विकलेला माल हा एक वर्ग. 'वारली कलाकारांनी हाताने काढलेले' असे सांगून विकलेला यंत्राचा माल हा दुसरा. येथे गिऱ्हाईक खरे चित्र घेण्याच्या तयारीत होते, म्हणून बुडालेली विक्री येथेच शोधावी, आणि मानांकनाचे संरक्षणही मुख्यतः येथेच उपयोगी पडते. एखाद्या कलाकाराची स्वतःची रचना जशीच्या तशी उचलणे हा तिसरा; तेथे प्रतिलिप्यधिकाराचा प्रश्न येतो.

पंचायतींनी या कामी बरेच करता येईल. गावातील कलाकारांची यादी ठेवावी. त्यांची मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंद झाली आहे काय, हे पाहून राहिलेल्यांना अर्ज भरण्यास मदत करावी; कारण कायद्याने दाद मागण्याचा अधिकार नोंदणीकृत मालकाबरोबर अशा वापरकर्त्यांनाही आहे. चित्राची तारीख, किंमत व विक्री यांची वही कलाकाराने ठेवावी. खोट्या नावाने विकलेला माल आढळल्यास त्याचे बिल व वेष्टन जपून ठेवावे; हातची गेलेली मागणी तारखेसह लिहून ठेवावी. असा आकडा लहान भरेल, पण तो टिकेल.

हीच कसोटी आपण आपल्या अहवालांनाही लावावी. 'दोनशे महिलांना प्रशिक्षण दिले, म्हणून दोनशे महिलांना रोजगार मिळाला' या वाक्यातही प्रतीवरून विक्रीवर घेतलेली तीच उडी आहे.

शिक्षकांना विनंती एवढीच की, आठवड्यातून एकदा वर्तमानपत्रातील एखादे आकड्याचे विधान फळ्यावर लिहावे आणि मुलांना तीन प्रश्न विचारावेत: निष्कर्ष कोणता? आधार कोणता? या दोहोंमध्ये न सांगता काय धरून चालले आहे? या सवयीने परीक्षेतील गुण तर वाढतीलच. शिवाय उद्या ग्रामसभेत उभे राहून आपल्या गावाचा दावा पुराव्यानिशी मांडणारा नागरिक याच वर्गातून तयार होईल.